बुधवारची मॅच

मझल किहीमकर सिंकपाशी उभी राहून बांगडे साफ करत होती. निम्मे झाले होते, निम्मे अजून ताटात डोळे वटारून पडले होते, तेवढ्यात मायकेला जिन्यावरून धडधडत खाली आली आणि तिने फोन आईच्या नाकासमोर धरला.

"मम्मी, वाच. आत्ता वाच."

"माझे हात बघ. तूच वाच."

मायकेलाने वाचलं. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका विद्यापीठाच्या बॅडमिंटन कोचचं उत्तर होतं. पंधरवड्यापूर्वी या बाईंनी मायकेलाला मिल्टन कीन्सच्या एका स्पर्धेत पाहिलं होतं आणि मग लिहिलं होतं, की पुढच्या वर्षीच्या संघासाठी मी मुली शोधतेय. एकदा येऊन कॅम्पस बघ, आमच्या मुलींबरोबर थोडं खेळ, घरच्यांनाही घेऊन ये. बोलावणं होतं शनिवारचं, नव्या मुलांना विद्यापीठ दाखवायच्या ओपन डेचं. 'आमच्या संघाची मॅचही बघायला मिळेल,' असंही त्यात होतं. मायकेलाने घरची अडचण आहे असं कळवून टाकलं, आणि त्या दिवसापासून घरात त्या विद्यापीठाचं नाव कोणी काढलं नव्हतं.

आता उत्तर आलं होतं. शनिवार जमत नसेल तर पुढच्या बुधवारी या. दुपारी इथेच मॅच आहे, तीही बघता येईल. आणि सगळ्यात खाली: 'किहीमकर म्हणजे अलिबागजवळचं किहीम का? मी रेवदंड्याची.' सही होती, सुनीती.

"मला वाटलेला ती इटालियन आहे," मायकेला म्हणाली.

"इटालियन कसली, रेवदंड्याची आहे." मझलने सुरी खाली ठेवली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "अगं, शनिवारची मॅच त्यांनी बुधवारी घेतली."

"काय?"

"आडनाव बघितलं ना त्यांनी. अलिबागकडच्या माणसाला किहीमकर म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. समजल्या त्या. म्हणून मॅच बुधवारी घेतली."

"मम्मी, एका मुलीसाठी कोणी मॅच बदलत नाही."

"असतात चांगली माणसं जगात," असं म्हणून मझलने पुन्हा नळ सोडला. त्या दिवशी उरलेले बांगडे जरा जास्तच मन लावून साफ झाले.

मझलला तसं वाटायला कारण होतं. तिचे पूर्वज बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ते कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. का, ते गावाला माहीत नव्हतं. पुष्कळदा त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी काम करायचं नाही, एवढं मात्र पिढ्यान्‌पिढ्या पक्कं होतं. गावाने त्यांना नाव दिलं, शनवार तेली. पुढे तेल गेलं, घाणा गेला, शनिवार राहिला. मझलचे वडील ठाण्याच्या कारखान्यात होते. त्यांनी शनिवारची सुट्टी मागून घेतली आणि त्याच्या बदल्यात ते रविवारी, सगळा कारखाना बंद असताना, एकटे जाऊन मशिनं पुसून ठेवायचे. लग्न होऊन मझल वॉटफर्डला आली. इथे हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी चारच्या आधीच अंधारून येतं. त्याच्याही आत स्वयंपाक उरकायचा, दिवे लावायचे, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणायची, की मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत घर शांत. सियोन, तिचा नवरा, रेल्वेच्या सिग्नलच्या कामात आहे. तो वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नाताळच्या पाळ्या करून आपले शनिवार मोकळे ठेवत आलाय. त्याबद्दल घरात कधी कोणी कुरकुर केली नाही. घरात दिवा असावा तसा तो दिवस होता.

मुलीच्या बॅडमिंटनवर मात्र शनिवारची सावली पडली होती. त्यांच्या भागातल्या मुलांच्या स्पर्धा दोन दिवसांच्या असायच्या: शनिवारी सिंगल्स, रविवारी डबल्स. त्यामुळे मायकेला पहिल्यापासून डबल्सचीच झाली. रविवारी पहाटे मझल गाडी काढायची. हेमेल, ल्युटन, मिल्टन कीन्स. मिल्टन कीन्सच्या गोल चौकांमध्ये ती इतक्या वेळा चुकली होती, की तिथले काही चौक तिला आता ओळख दाखवत असावेत. मग हॉलच्या गॅलरीत कोट गुडघ्यांवर घेऊन बसायचं, स्तोत्रांचं छोटं पुस्तक उघडायचं आणि एक डोळा पुस्तकावर, एक कोर्टवर. सिंगल्सबद्दल मायकेलाने एकदाच विचारलं होतं, बारा-तेरा वर्षांची असताना. त्यानंतर विचारलं नाही. तिला वाईट वाटतं का, हे मझलनेही कधी विचारलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर झेपणार नाही, तो प्रश्न किहीमकरांच्या घरात विचारत नाहीत.

मंगळवारी मझलने हलवा केला. नारळाच्या दुधातला, बदामाचे काप लावून, वड्या पाडून. त्यांच्याकडे तो ज्यू नव्या वर्षाला करतात, आणि नवं वर्ष तर महिन्यापूर्वीच होऊन गेलं होतं. सियोन कामावरून आला, पातेलं बघितलं आणि म्हणाला, "काय गं, यंदा वर्ष दोनदा का?"

"कोचबाईंसाठी आहे. बोट लावू नका."

"मायकेलाला बघायला त्या येतायत, की आपण चाललोय?"

"अहो, आपल्यासाठी मॅच हलवली त्या बाईंनी. रिकाम्या हाताने जायचं?"

सियोनने कोट खुंटीला अडकवला. "मझल, आमच्याकडे एक गाडी दहा मिनिटं हलवायची तर चौदा लोकांची परवानगी लागते. ही बाई मॅच हलवते म्हणजे मोठीच असामी दिसते." आणि बोट लावलंच.

बुधवारी मायलेकी वॉटफर्ड जंक्शनहून गाडीत बसल्या. सियोनची पाळी होती. मझलच्या मांडीवर हलव्याचा डबा, पायाशी रॅकेटची बॅग. बाहेर ओली शेतं आणि मेंढ्या. मिल्टन कीन्स मागे पडल्यावर मायकेलाने कानातले इयरफोन काढले.

"मम्मी, एक गोष्ट बोलायची आहे. रागावू नको."

"रागावण्यासारखी आहे का?"

"मॅच शनिवारी असला तर मी खेळणार."

मझलने पायाशी सरकलेली रॅकेटची बॅग नीट उभी केली.

"मी तिकडे गेल्यावर शब्बाथ पाळते असा खोटा सांगणार नाय तुला. म्हणून आधी सांगते. मी लपवून पण करू शकले असते."

"पण त्यांनी तर मॅच..."

"मम्मी, तो एक दिवस. तू म्हणते तसा हलवला असेल, ओके. पण सगळा वर्ष कोण हलवणार?"

 आठवडाभर मझल त्या एका बुधवारच्या आनंदात होती. पुढच्या शनिवारांची रांग तिने मोजलीच नव्हती. वाद घालावा तर मुलगी खोटं बोलत नव्हती, उलट खरं बोलत होती, आणि खरं बोलायला आपणच शिकवलं. जाऊ नको म्हणावं, तर आयुष्यभर मुलगी म्हणणार, मम्मीने अडवलं. जा म्हणावं, तर शुक्रवारी दिवा कुठल्या तोंडाने लावायचा. दोन्हीकडून एकच पोर हातची जायची.

"आणि प्लीज," मायकेला म्हणाली, "कोचसमोर शनिवारचा काही बोलू नको. घ्यायच्या आधीच त्यांना वाटेल ही मुलगी प्रॉब्लेम आहे. मी माझा मी बघते."

"नाही बोलत."

"प्रॉमिस?"

"म्हटलं ना."

मग उरलेला प्रवास मझलने मनातल्या मनात एलियाहू हन्नबीशी, ज्याला त्यांच्याकडे नवस बोलतात त्या प्रेषिताशी, बोलण्यात घालवला. मागणं काय मागावं हेच तिला सुचत नव्हतं. मुलीची निवड होऊ दे म्हणावं, की होऊ नको दे? शेवटी तिने सगळं त्याच्यावरच सोपवलं: तूच बघ, मला यातलं कळत नाही.

विद्यापीठाच्या फाटकापाशी क्लोई नावाची उंच मुलगी त्यांची वाट बघत होती. ती दुसऱ्या वर्षाची, संघातली. आणखी दोन मुली आल्या होत्या, एकीबरोबर तिचे वडील होते आणि ते पहिल्या पायरीपासून प्रश्न विचारत होते: कोर्टचं लाकूड कुठलं, फिजिओ आठवड्यातून किती वेळा येतो, गेल्या वर्षी संघ कितवा आला. त्यांच्या मुलीने चेहरा हूडीत लपवला होता. तिला बघून मायकेलाच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं. आपली मम्मी निदान लाकडाची चौकशी करत नाही.

क्लोईने सगळं दाखवलं. मुलींची राहायची जागा, तिथलं सामाईक स्वयंपाकघर आणि त्यातली न घासलेली भांडी. मझलने ती भांडी बघितली आणि मुलीला इथे पाठवताना वेगळा तवा, वेगळं पातेलं आणि त्यांना लावायला कुलूप द्यावं लागेल, अशी मनात नोंद केली. मग जिम. मग फिजिओची खोली. मग एक मोठा थंड पाण्याचा हौद.

"मॅचनंतर यात बसतात," क्लोईने सांगितलं. "बर्फ टाकून."

"कुठल्या गुन्ह्याबद्दल?" मझलने मराठीत विचारलं. मायकेलाने तिला कोपर मारलं, पण हसली.

चालता चालता मझलने क्लोईला हळूच गाठलं. शनिवार हा शब्द काढायचा नाही, असं वचन होतं. वीकेंड म्हणायला काय हरकत?

"वीकेंडला तुम्ही मुली काय करता?"

"झोपतो," क्लोई म्हणाली. "मग उठून कपडे धुतो. मग परत झोपतो."

 मॅच खेळून बिचाऱ्या अशा आडव्या होत असतील, असं मझलला वाटलं.

हॉलच्या दाराशी सुनीती भेटली. चाळिशीच्या आतबाहेरची, ठेंगणी, गळ्यात शिट्टी, एका बुटाची नाडी सुटलेली. इंग्रजी ऐकून ऐकून थकलेल्या कानांवर एकदम मराठी आलं.

"या, या. तुम्ही किहीमकर. म्हणजे आमच्याकडच्याच की. किहीमला घर आहे अजून?"

"नाही हो. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळीच सगळे मुंबईला आले."

"आमचंही तेच. आता उन्हाळ्यात जाऊन नुसती कुलपं उघडायची." मग ती मायकेलाकडे वळली. "काय गं, मराठी येतं का?"

"समजतो सगळा," मायकेला म्हणाली. "बोलतो तेव्हा सगळे हसतात."

"हसू देत. माझं इंग्रजी ऐकून पहिली दोन वर्षं असाच हॉल हसायचा. जा, वॉर्मअप कर."

आमच्याकडच्याच. मझलने तो शब्द घट्ट धरून ठेवला. म्हणजे बाईंना माहीत आहे. सांगायची गरजच नाही.

पालकांसाठी खाली चहा होता. लाकडाची चौकशी करणारे वडील तिकडे गेले. मझल सवयीने गॅलरीत जाऊन बसली, कोट गुडघ्यांवर घेऊन. खाली तिची मुलगी अनोळखी मुलींमध्ये उभी होती, हात कुठे ठेवावे हे न कळल्यासारखी. आल्या आल्या तिने दोन साध्या सर्व्हिस जाळ्यात मारल्या. मग पायाशी पडलेली शटल्स कोणी सांगायच्या आधी गोळा केली, कोचच्या नळीत नीट भरून ठेवली, आणि परत जागेवर येऊन उभी राहिली तेव्हा खांदे खाली आले होते. त्यानंतर ती खेळली. जाळ्यापाशी ती अशी उभी राहते, जसं काही समोरच्या मुलीचं बोलणं तोडायची वाटच बघतेय. मागून क्लोईने मारायचं आणि पुढे हिने शेवट करायचा. तासाभरात दोघी एकमेकींना न बघता सरकू लागल्या. मझलला बॅडमिंटन समजतं ते एवढंच: मुलगी रॅकेट बोटांत हलकी धरते तेव्हा खूश असते, आणि आज हलकी धरली होती. ते बघून मझलला आनंद झाला आणि लगेच तिचा जीव धास्तावला.

दुपारी मॅच झाली. पाहुण्या विद्यापीठाची बस आली, आरडाओरडा झाला, यजमान जिंकले. मग सुनीतीने एकेका मुलीला घरच्यांसकट बोलावलं. तिची खोली म्हणजे जाळी, शटलचे डबे आणि एक केटल यांच्यामधली जागा. तिघी बसल्यावर गुडघे जुळत होते.

सुनीतीने आडवळण घेतलं नाही. "खेळ मला आवडला. मिल्टन कीन्सलाच आवडला होता. पण मला एक कोडं आहे. तुझा सिंगल्सचा एकही निकाल कुठे नाही. एकही. सिंगल्स न खेळणारी मुलगी मी बघितली नाही. दुखणं आहे का काही? गुडघा, पाठ? असेल तर सांग. दुखणं असलेली मुलगी मला चालते, दुखणं लपवणारी नाही चालत."

मायकेलाच्या मानेवर लाली चढली. "शनिवारी... शाळेचं काम असायचं," ती इंग्रजीत म्हणाली. "मी अभ्यासात मागे होते."

सुनीतीने पेनचं टोपण लावलं आणि काढलं. पटलं नव्हतं, हे गॅलरीतूनही दिसलं असतं.

मझल थक्क होऊन दोघींकडे बघत होती. या बाईंना सगळं माहीत असताना त्या असं का विचारतायत? परीक्षा घेतायत का? आणि आपली मुलगी, जी सकाळी गाडीत खरं बोलायला इतकी धीट होती, ती आपल्यासमोर शब्बाथला शाळेचं काम म्हणते? सियोनच्या पूर्वजांना गावाने तेली म्हटलं, ते ऐकून घेतलं, पण शनिवारी घाणा का बंद म्हणून कोणी विचारल्यावर त्यांनी पाठ दुखते असं नाही सांगितलं. वचन दिलं होतं, खरं आहे. पण वचन शनिवारचा विषय काढायचा नाही असं होतं, आणि तो तर आता काढून झाला होता.

तिने हलव्याचा डबा टेबलावर ठेवला.

"ताई, हे तुमच्यासाठी. आल्या आल्याच द्यायचा होता. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत."

"मी काय केलं?"

"आमच्या शब्बाथसाठी मॅच बुधवारी घेतलीत ना."

केटल बंद झाल्याचा खटका ऐकू आला. मायकेलाने डोळे मिटून घेतले.

"तुमच्या कशासाठी?" सुनीतीने विचारलं.

तेव्हा मझलच्या लक्षात आलं, की बाईंना काहीच माहीत नाही. मग मागे फिरण्यात अर्थ नव्हता. तिने सांगितलं. आम्ही बेने इस्राएल, ज्यू. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत आमचा शब्बाथ. सिंगल्स असतात शनिवारी, म्हणून ही कधी खेळली नाही. गुडघा, पाठ सगळं धड आहे. लपवलं असेल तर एवढंच लपवलं, आणि तेही तुम्ही घेणार नाही या भीतीने.

सुनीतीने पेन खाली ठेवलं. मग हळूहळू म्हणाली, "शनवार तेली?"

"हो."

"आजीच्या तोंडून ऐकलंय मी. रेवदंड्याला शेजारच्या आळीत होती घरं. म्हणायची, त्यांच्याकडून नारळाच्या दुधाचा हलवा यायचा." तिने डबा उघडला, वास घेतला, झाकण परत लावायचं विसरली. "आणि मी बसलेय किहीमकर म्हणजे कोण, आगरी की भंडारी, याचा विचार करत."

"पण मग मॅच?"

"ताई, मॅच हलवायची ताकद माझ्यात असती, तर मी आधी या खोलीला एक खिडकी पाडून घेतली असती." सुनीतीला आता हसू आवरेना. "अहो, विद्यापीठांच्या मॅचेस बुधवारीच असतात. आमची एकटीची नाही. सगळ्यांच्या, सगळ्या खेळांच्या. बुधवारी दुपारी वर्ग ठेवत नाहीत, मुलांनी खेळावं म्हणून. मी नुकतीच आले तेव्हा मलाही कोणी सांगितलं नव्हतं, बुधवारी लायब्ररीत जाऊन बसायचे एकटी."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी आम्हाला हा हॉल मिळतच नाही. बास्केटबॉलवाले घेतात. ओपन डेला पाहुण्यांना दाखवायला तासभर पाहिजे होता, तर त्यांच्याशी भांडून घेतला. मुलींनी आपापसातच खेळून दाखवलं. एरवी शनिवारी माझ्या मुली झोपतात आणि कपडे धुतात."

मझलला क्लोई आठवली आणि तिने पदर नसलेल्या खांद्यावर पदर चाचपला. इथल्या वीस वर्षांत साडी नेसून ती घराबाहेर क्वचितच पडली होती, पण घाबरल्यावर किंवा सुटका झाल्यावर हाताला तिथेच जायची सवय होती.

सुनीती आता मायकेलाशी बोलत होती, इंग्रजीत, सरळ. वर्षात काही स्पर्धा शनिवार-रविवारी असतात. ज्याला जायचं तो जातो, न गेल्याने संघातली जागा जात नाही, संघ बुधवारचा. सिंगल्सला तिच्याकडे मुली आहेत. तिला हवी आहे ती जाळ्यापाशी उभी राहणारी, क्लोईच्या पुढे. "प्रवेश मी देत नाही, तो विद्यापीठ देतं, ग्रेड्स आणाव्या लागतील. संघातली जागा माझ्या हातात आहे आणि ती मी तुला देते. पण पुढच्या वेळी मी विचारलं तर खरं सांगायचं. तुझी आई बोलली नसती, तर मी गुडघा समजून तुझं नाव खोडणार होते."

"सॉरी," मायकेला म्हणाली. मग मराठीत, "चुकला माझा."

"चुकलं," मझल आणि सुनीती एकदम म्हणाल्या.

बाहेर पडून दोघी बसस्टॉपकडे निघाल्या. अंधारून आलं होतं. मझलला पाय इतके हलके वाटत होते, की तिने बॅग मायकेलाच्या हातून घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकली. फोन वाजला.

"काय झालं?" सियोनने विचारलं.

"बुधवार," मझल म्हणाली.

"बुधवारच आहे आज. झालं काय?"

"अहो, सगळे बुधवार."

"मझल, तू नीट खाल्लंयस ना काही?"

मग तिने सगळं सांगितलं, आणि तिकडून सियोन म्हणाला, "एवढी वर्षं या देशात काढली आपण. कोणाला तरी विचारायचं."

परतीच्या गाडीत मायकेला खिडकीला डोकं टेकून बसली होती. मझलने डब्यातली चपाती-भाजी काढून अर्धी तिला दिली.

"अगं, तुमच्या त्या गूगलला विचारलं असतंस तर एका मिनिटात कळलं असतं. आख्खा दिवस फोन हातात."

"माहीत आहे." मायकेला चपातीचा तुकडा दोन बोटांत फिरवत राहिली. "मी मुद्दाम नाही बघितला. बघितला असता आणि शनिवार असता, तर ठरवायला लागलं असता. तू पण तर कोणाला विचारला नाही."

"नाही विचारलं," मझल म्हणाली.

तिने रुमालाला हात पुसले.

"सकाळी म्हणालीस ते... खेळली असतीस?"

मायकेलाने डोकं खिडकीवरून उचललं. "सकाळी हो होता. तू हलवा काढला तेव्हा मला वाटला आता सगळा संपला, आणि मला रडायला आला नाही. मला बरं वाटला. म्हणजे, आता लपवायचा नाही म्हणून. मग मला माहीत नाही, मम्मी. खरंच माहीत नाही."

मझलने पुढे विचारलं नाही. सकाळी 'खेळणार' होतं, आता 'माहीत नाही' होतं, आणि एवढ्यावर तिला शांत झोप लागण्यासारखी होती. देवाने तिच्याकडून निवड मागितलीच नव्हती. तिने भाजीचा डबा मुलीपुढे सरकवला, आणि मायकेलाने तो रिकामा केला. दोघींपैकी कोणालाही सकाळपासून नीट खाता आलं नव्हतं, हे तेव्हा कळलं.

घरी पोचल्यावर कोट काढायच्या आधीच मझलने सियोनला सांगितलं, की रविवारी एलियाहू हन्नबीचा मलिदा करायचा. मनासारखं झालं की त्यांच्याकडे करतातच. भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर, वेलची घालून ताट भरायचं, वर खजूर आणि फळं मांडायची, जवळच्यांना बोलवायचं, प्रार्थना म्हणून वाटायचं.

"अजून ग्रेड्स यायच्यात तिच्या," सियोन म्हणाला.

"त्यांचा वेगळा करू."

"आणि आभार कसले मानायचे? बुधवार तर आधीपासूनच होता."

"आपल्याला आज कळला," मझल म्हणाली. "त्याचे."

सियोनने मान हलवली आणि कोणाकोणाला फोन करायचे ते विचारलं. मायकेला वरून ओरडली की पोहे जास्त कर, क्लोईला पण बोलवायचं आहे.

गुरुवारी सकाळी सियोन कामावर गेला, मायकेला कॉलेजला. मझलने मोठी पिशवी घेतली, दार ओढून घेतलं आणि पातळ पोहे व नारळ आणायला गुजराती दुकानाकडे निघाली.